पाहुण्यांचं पाणी

आग्नेयेचा वारा यंदा थांबायचं नाव घेत नव्हता. एरवी तो पडतो, हवा कोंदते, माणसं उकाड्याने एकमेकांवर खेकसायला लागतात आणि मग वायव्येकडून ढग येतात. यंदा वारा पडलाच नाही. अंगावरचं मीठ पुसलं की पुन्हा बसायचं. विहिरीचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारट. एका मोठ्या भरतीने बांध ओलांडला आणि समुद्र बागांत शिरला, त्यानंतर तर विहिरीवर कुणी फिरकेनासं झालं. नुसती भांडी घासायला तेवढं तिथलं पाणी वापरायचं.

आमच्या घरात मी, माझा थोरला भाऊ डागी, त्याची बायको केझिया, त्यांच्या दोन मुली आणि आमचे बाबा. बाबांचं नाव अमादू. कुबीर गावात सगळ्यात म्हातारे तेच, त्यामुळे गावाच्या वतीने बोलायचं ते त्यांनीच. गाव किनाऱ्यावर, खारफुटीच्या मागे. समोर बेट. हवा स्वच्छ असली की बेटावरच्या चर्चचं छप्पर दिसतं. बेट ऑस्ट्रेलियाचं आणि आम्ही पापुआ न्यू गिनीचे. मधली रेघ दोन सरकारांनी ओढली तेव्हा बाबा तरुण होते, आणि त्यांची आत्या त्या रेघेच्या पलीकडे नांदत होती.

रेघ ओढणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. किनाऱ्यावरच्या आमच्या गावांना आणि बेटकऱ्यांना पासपोर्ट लागत नाही, करारच तसा आहे. लग्नाला, मयताला, मासे धरायला, देवाणघेवाणीला बेलाशक यायचं-जायचं. आम्ही चटया, खेकडे आणि ढोल न्यायचे, त्यांनी पीठ, जाळी, कापड द्यायचं. पिढ्यान् पिढ्या जे चालत आलंय ते चालू द्यायचं. मात्र तिकडे नोकरी धरायची नाही, दवाखान्यात रांग लावायची नाही. आणि पाण्याचं करारात नावच नाही. करार लिहिला तेव्हा पाणी आभाळातून पडत होतं, ते लिहून ठेवावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बेटावर समुद्राचं पाणी गोड करायचं यंत्र आहे. सुरुवातीला आमच्या बायका होडीतून कॅन घेऊन जायच्या आणि भरून आणायच्या. मग बाकीच्या गावांच्या होड्याही लागायला लागल्या. यंत्र वरचेवर बंद पडायचं, बेटावरच्या नळाला पाणी ठरावीक वेळेला, आणि आपल्या नळाशी परक्यांची गर्दी बघून तिथल्या बायका कुरकुरायला लागल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. शेवटी धक्क्यावर गणवेशातला माणूस उभा राहिला. त्याने केझियाला विचारलं, कशासाठी आलात? केझियाने खरं ते सांगितलं, पाण्यासाठी आले. शेजारच्या गावच्या बाईने चटई पुढे केली आणि ती उतरली. केझियाला माघारी पाठवलं. परतीच्या वाटेवर होडी मी हाकत होतो, रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते आणि वहिनी माझ्याकडे बघत नव्हती.

"खोटं बोलायचं सुचलंच नाही हो, भावोजी," ती धक्का दिसेनासा झाल्यावर म्हणाली. "आता मुलींना काय पाजू?"

त्या दिवसापासून आम्ही माळापलीकडच्या डबक्यावर जायला लागलो. उजाडायच्या सुमाराला निघायचं. माळावरचं गवत वाळून सुरीच्या पात्यासारखं झालेलं, पोटऱ्या कापत जायचं. पुढे पांढऱ्या सालीच्या झाडांत ते डबकं. पाणी चहाच्या रंगाचं, पण गोड. ते कापडातून गाळून कॅनमध्ये भरायचं. मी दोन कॅन दांडीला लावून खांद्यावर घ्यायचो. केझिया कॅन विणलेल्या झोळीत ठेवायची आणि झोळीचा पट्टा कपाळावर घ्यायची, आमच्या बायकांची वजन न्यायची हीच पद्धत. मान ताठ, नजर जमिनीवर, दोन्ही हात पट्ट्यावर. घरी आल्यावर पट्टा काढला की कपाळावर लाल वळ दिसायचा. महिनाभरात तो वळ जायचा बंद झाला. डबकंही दर खेपेला खाली गेलेलं दिसायचं. काठावरचा चिखल सुकून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते.

डागी आमच्याबरोबर यायचा नाही. तो खेकडे धरायला जायचा आणि ते घ्यायला कुणी नसल्यामुळे आम्हीच ते खायचो. खेकडे खाऊन तहान वाढायची. या गोष्टीवरून एकदा मी हसलो तर तो माझ्यावर भडकला.

त्याच्या मनात डारूला जायचं होतं. डारू म्हणजे आमच्याकडचं शहर, होडीने एका दिवसाच्या अंतरावर. तिथे एका कोपऱ्यात आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांची वस्ती आहे. खोपटाला खोपटं चिकटलेली, भरतीला खालून घाण पाणी फिरतं. पण नळ आहे, आणि डागीचा मेहुणा तिथे आहे. केझियाची धाकटी बहीण तिथेच खोकून खोकून गेली. तिला पुरायलासुद्धा गावी आणता आलं नाही. डारूचं नाव निघालं की केझिया हातातलं काम टाकून उठून जायची.

"मुली काय तिकडे खोकायला न्यायच्या?" ती म्हणाली.

"आणि इथे काय खारं पाजायचं?" डागी म्हणाला. "विहीर काय परत गोड होणार आहे?"

डागीचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. मला मात्र तिकडे जायचं नव्हतं. एकदा घर उठलं की परत येत नाही, हे आम्ही पाहिलेलं होतं. आमच्या पलीकडची दोन घरं अशीच गेली. त्यांच्या पायऱ्यांचे लाकडी खांब अजून उभे आहेत आणि त्यांच्या बागेत आता रानडुकरं असतात.

अशात बातमी आली की यंदाची मीटिंग आमच्या गावात होणार. दरवर्षी एकदा दोन्हीकडचे लोक जमतात. ऑस्ट्रेलियाचे साहेब, आमच्या राजधानीचे, मोर्सबीचे साहेब, बेटावरची मंडळी आणि किनाऱ्यावरच्या गावांची म्हातारी माणसं. कुणी किती यावं, कशासाठी यावं, रोगराई आली तर वाट कधी बंद करावी, कधी उघडावी, असल्या गोष्टी तिथे ठरतात. यंदा पाण्याचं ठरणार होतं. ज्या गावांचे सगळ्यात जास्त हाल आहेत, त्यांना आठवड्यातून एकदा बेटावर पाणी भरायला येऊ द्यायचं, असं बेटकऱ्यांनी कबूल केलं होतं. सगळ्या गावांना देण्याइतकं त्यांच्याकडेही पाणी नव्हतं. बाकीची गावं साहेब लोक आधीच बघून गेले होते. आमचं शेवटी, मीटिंगच्याच दिवशी बघणार होते.

"मीटिंगपर्यंत थांबतो," डागी म्हणाला. "आपलं नाव लागलं तर राहू. नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी डारूची होडी जातेय, तिच्यात बसायचं. मग मला कुणी अडवायचं नाही."

केझियाने मान हलवली. बेटाच्या मंडळींत तिचा मामेभाऊ एनोसा होता, त्यामुळे तिला धीर होता.

बाबांना तर बातमी ऐकल्यापासून विशीतला जोर आला. चर्चपुढची जागा साफ करून घेतली, खांब पुरले, वर झावळ्यांचा मांडव घातला. कासव कोण धरणार, हरणाच्या मागे कोण जाणार, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून ठरवलं. मग म्हणाले, कोनफळं काढा. बागेत भरतीचं पाणी शिरल्यावर जी काही कोनफळं वाचली होती ती आम्ही बेण्यासाठी ठेवली होती, राख लावून, माळ्यावर. केझियाने ती एकेक करून खाली उतरवली. तिने एक शब्द काढला नाही, पण टोपलीत ठेवताना ती कोनफळाला हात लावून थोडी थांबायची, ते मला दिसत होतं.

बोलली ती टाकीवरून. चर्चच्या छपराचं पाणी साठवायची एक मोठी टाकी आहे. ती केव्हाच कोरडी झाली होती. बाबांनी हुकूम काढला की घरोघरी जेवढं गोड पाणी आहे तेवढं सगळं टाकीत ओता, आणि डबक्यावरून आणखी आणा. पाहुणे हात धुतील, आंघोळ करतील, चहा पितील. त्यांच्यासमोर या घरातून त्या घरात भांडं घेऊन पाणी मागत फिरणार का?

"मामंजी, साहेब टाकी बघतील," केझिया म्हणाली. "भरलेली टाकी बघून त्यांना काय वाटेल?"

"वाटेल की ही माणसं आहेत."

"त्यांना वाटेल, यांना पाण्याची गरज नाही."

"ते सकाळी सांगायचं," बाबा म्हणाले. "मी काय आज पाहुणे पाहतोय?"

त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. पाहुणा आला की त्या दिवशी त्याला नुसतं खाऊ घालायचं. आपलं रडगाणं काढायचं नाही. तो रात्री राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत पाय ठेवायच्या आधी तोच विचारतो, तुमचं काय अडलंय? मग सांगायचं. वाढता वाढता मागितलं तर त्याला जेवण कोण म्हणेल? बेटावरही हीच रीत आहे. एनोसा आणि बाबा दोघंही तिच्यातच वाढले. मंडळी एक रात्र मुक्कामाला राहणार हे ठरलेलंच होतं, त्यामुळे बाबा निर्धास्त होते.

आम्ही पाणी वाहिलं. सगळं गाव वाहत होतं. कॅन, पातेली, पिठाचे रिकामे डबे, जे मिळेल ते. डबक्याचा तळ दिसायला लागला तेव्हा बायकांनी चिखलात खळगे केले आणि त्यात पाझरेल ते वाटीने भरलं. घरी मुलींना एकेक घोट देऊन बाकीचं टाकीत जायचं. धाकटी एकदा रडली, तेव्हा केझियाने तिला ओल्या फडक्याचं टोक चोखायला दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुसरीकडे बघायला लागलो. मला बाबांचा राग येत होता. रीत मला माहीत होती आणि तरी येत होता.

मीटिंगच्या दिवशी पाहुणे सकाळच्या भरतीबरोबर आले. इंजिनाच्या होड्यांतून उतरले, खारफुटीतून चिखल तुडवत वर आले. त्यांचे पाय धुवायला मुली भांडी घेऊन उभ्या होत्या. चांगलं भरभरून पाणी ओतलं. चिखलाचं पाणी वाळूत जिरत होतं आणि आमच्या गावातली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मग शहाळी, मग नाच, मग चहा. वारुळाची ढेकळं तापवून त्यांच्यावर रात्रभर खड्ड्यात शिजवलेलं हरणाचं मांस आणि कोनफळं. झाडाची साल बाजूला केली तेव्हा वाफेबरोबर असा वास सुटला की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. एवढा चांगला खड्डा आमच्या गावात कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

ऑस्ट्रेलियाची एक बाई साहेब होती, उन्हाने लाल झालेली, बोलायला चांगली. तिच्याबरोबर मोर्सबीचा एक उंच माणूस. दोघं गाव बघत फिरले. उंच माणसाने टाकीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. खाली बद्द वाजलं, वरपर्यंत बद्द वाजलं. तो बाईला काहीतरी म्हणाला. केझिया चुलीशी होती. तिने ते पाहिलं, हातातला पळा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

मीटिंग मांडवात झाली. आम्ही कडेला उभे. मोठमोठी भाषणं झाली. दोन्ही देशांची मैत्री, दोन्हीकडचे लोक एकच, एकत्र बसून मार्ग काढायचा. हे सगळं खरंही असेल, पण मला टाकीशिवाय काही सुचत नव्हतं. बेटावरची एक बाई स्पष्ट बोलली, आमचं यंत्र दोनदा बंद पडलं, आमच्याही म्हाताऱ्या माणसांनी बादल्या वाहिल्या, त्यामुळे ज्याला खरंच नड आहे त्यालाच द्या. मला तिचा राग आला नाही. मग बाई साहेबाने बाबांकडे वळून विचारलं, आपल्या गावात पाण्याची परिस्थिती कशी आहे? एनोसाने ते आमच्या भाषेत सांगितलं. सांगताना तो बाबांकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

बाबा उभे राहिले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"पाहुण्यांना काही कमी पडलं का?" त्यांनी विचारलं. "हात धुवायला, प्यायला?"

सगळे हसले, काही जणांनी टाळ्या वाजवल्या. बाई साहेबही हसली. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, सकाळी बोलू. एनोसाने तेही सांगितलं. उंच माणूस म्हणाला की आम्ही आपल्या डोळ्यांनी बघितलंय. मग नावं वाचली. किनाऱ्यावरची तीन गावं. कुबीर त्यात नव्हतं. डागी माझ्या शेजारून निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघून मला कळलं की तो सामान बांधायला गेला.

मी स्वतःची समजूत घालत होतो की सकाळ आहे अजून. एनोसा विचारेल, बाबा सांगतील, साहेब इथेच असतील, चौथं नाव घालायला किती वेळ लागतो. तेवढ्यात होडीवाला मांडवात आला. वारा वाढतोय, म्हणाला. रात्री मधल्या पाण्यात लाटा उठतील आणि सकाळी निघता येईल याची खात्री नाही. आत्ताच्या पाण्यावर निघालेलं बरं. साहेब लोकांनी आपसात बोलून ठरवून टाकलं. शेवटची प्रार्थना झाली, हात मिळवले, सगळे आपापल्या पिशव्या शोधायला लागले.

बाबा खुर्चीवरच बसून होते. केझिया त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. सासऱ्यासमोर ती कधी अशी उभी राहत नाही.

"मामंजी, ते चालले."

"मुक्काम ठरला होता."

"ठरला होता. आता चालले. ते आज तुमच्यासाठी थांबणार नाहीत." तिने किनाऱ्याकडे हात केला. "तुम्ही आत्ता बोलला नाहीत तर उद्या माझ्या मुली डारूला. बहिणीच्या शेजारी मलाही पुरा मग."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील. ते उठले, काठी खुर्चीलाच राहिली, आणि चालायला लागले. मी मागोमाग गेलो. ते खारफुटीतून खाली उतरले आणि तसेच चिखलात शिरले. होड्या पाण्यावर आल्या होत्या, इंजिनं सुरू झाली होती. बाबा गुडघ्यापर्यंत गेले, मग मांड्यांपर्यंत. मी दंड धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला. शेवटच्या होडीचा दोर पाण्यात लोंबत होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

धरला, पण तोंडातून शब्द निघेना. ओठ हलत होते. होडीतले सगळे बघत होते. उंच माणसाला वाटलं म्हातारा निरोप द्यायला आलाय. त्याने वाकून बाबांच्या खांद्यावर थोपटलं. बाबा तसेच दोर धरून उभे. आयुष्यात कधी न विचारता मागितलं नव्हतं त्यांनी, आणि आता मागायची वेळ आली तर जीभ उचलत नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मीच बोलणार होतो.

एनोसा होडीच्या कडेला होता. त्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर करून होडीवाल्याला इंजिन बंद करायला लावलं.

"काका," तो म्हणाला, "तुमचं काय अडलंय?"

"आमच्याकडे पाणी नाही," बाबा म्हणाले.

एनोसाने ते साहेबांना सांगितलं. बाई साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या. ती म्हणाली, टाकी तर भरलेली होती, आम्ही पाहिली.

"ते पाणी तुमचं होतं," बाबा म्हणाले.

हे सांगायला एनोसाला वेळ लागला. त्याने एकदा सांगितलं, मग पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितलं. बाई साहेबाने किनाऱ्याकडे पाहिलं, तिथे आमच्या बायका रांगेने उभ्या होत्या. मग तिने आपल्या स्वच्छ धुतलेल्या पायांकडे पाहिलं. उंच माणूसही वाईट नव्हता. तो हळू आवाजात बोलला, पण म्हणाला की मीटिंग संपली. तीन गावांचं सगळ्यांसमक्ष ठरलंय, होडीत बसून चौथं घातलं तर ती तीन गावं काय म्हणतील, बेट काय म्हणेल. मी वर कळवतो. पुढची मीटिंग बेटावर आहे, तिथे पहिलं तुमचं घेऊ. पुढची मीटिंग म्हणजे पुढच्या वर्षी.

बाबांच्या हातातून दोर सुटला. होडीवाल्याने पुन्हा इंजिनाला हात घातला. तेवढ्यात एनोसाने आपली पिशवी डोक्यावर घेतली आणि तो होडीतून खाली उतरला. तो अंगाने चांगला जाड आहे. कंबरेपर्यंत चिखलात गेला. होडीतले ओरडायला लागले. तो वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि बाबांना धरून वर घेऊन आला. होड्या त्याला न घेता गेल्या.

"मी म्हटलं, मी माझ्या बहिणीकडे राहणार आहे," त्याने वर आल्यावर सांगितलं. "करारात बसतं. नातेवाइकांकडे राहायला कुणाची ना नाही."

किनाऱ्यावर एका माडाखाली बेटाच्या फोनची रेंज येते. एनोसा तिथे जाऊन उभा राहिला आणि त्याने आपल्या बायकोला, सेलीनाला फोन लावला. आम्ही सगळे भोवती. तिचा आवाज फोनमधून आम्हालाही ऐकू येत होता, ती चिडली होती. तो शांतपणे म्हणाला की मी कुबीरला राहतोय, पुढच्या मीटिंगपर्यंत. पाहुणा आपला शिधा बरोबर आणू शकतो, तसं करारातच आहे. तर माझा शिधा पाठव. पीठ नको, तांदूळ नको. पिण्याचं पाणी पाठव. तिने किती कॅन म्हणून विचारलं. एनोसाने फोन कानाला तसाच धरून आमच्या गावाकडे पाहिलं, एका टोकाच्या घरापासून दुसऱ्या टोकाच्या घरापर्यंत.

"होडीत बसतील तेवढे," तो म्हणाला. "मला तहान फार लागते."

कुणी हसलं नाही. केझिया खाली बसली आणि तिने तोंड गुडघ्यांत घातलं. डागी पलीकडे उभा होता. त्याने विचारलं, "आणि धक्क्यावर अडवलं तर?"

"अडवतील कदाचित," एनोसा म्हणाला. "यंत्र बेटाचं आहे. सगळ्यांना विचारावं लागेल तिला."

त्या रात्री आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही. सकाळी वारा होताच, पण होडीवाल्याने सांगितला होता तेवढा नव्हता. डारूची होडी निघायच्या तयारीत होती. डागीने गाठोडी किनाऱ्यावर आणून ठेवली होती आणि तो त्यांच्यावर बसला होता. मुली त्याच्या दोन बाजूंना. केझिया पाण्याच्या कडेला उभी, कपाळावर हात धरून. डारूच्या होडीवाल्याने दोनदा हाक मारली. डागीने दोन्ही वेळा हाताने थांब अशी खूण केली. तिसऱ्यांदा होडीवाला थांबला नाही. होडी गेली तरी डागी बसूनच राहिला. आता ना तिकडचे ना इकडचे अशी आमची गत होती, आणि समोर पाण्यावर काही दिसत नव्हतं.

ऊन चांगलं वर आल्यावर होडी दिसली. ती पाण्यात इतकी खोल बसली होती की एकेक लाट आत येत होती. सेलीना पुढे बसली होती. मागे कॅन, कॅनवर कॅन, आणि त्यांना धरून बेटावरच्या दोन बायका. त्यांतली एक काल मांडवात बोलली ती. होडी चिखलाला लागली तशी सेलीना नवऱ्याच्या नावाने ओरडायला लागली, सकाळपासून घरोघर हिंडवलं मला, प्रत्येकीने एकच कॅन दिला, अर्धा तास धक्क्यावर भांडले, उद्या देतीलच असं नाही.

बाबा पुढे झाले. पाहुणी आली होती, आणि ते दुसरं काय करणार? त्यांनी मान वळवून नेहमीच्या आवाजात सांगितलं, "केझिया, चहा ठेव. पाहुणी उन्हातून आलीय."

केझिया जागची हलली नाही.

"चहा होणार नाही, मामंजी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आपल्याकडे पाणी नाही."

बाबांचा चेहरा पडला. ते सेलीनाकडे बघेनात, बेटाच्या त्या दोन बायकांकडे बघेनात.

"ठाऊक आहे," सेलीना म्हणाली. "धरा आता, हात मोडला माझा."

तिने कॅन होडीच्या कडेवर टेकवला. डागी गाठोड्यांवरून उठला, मीही पुढे झालो, पण बाबा आमच्या आधी चिखलात उतरले होते. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिच्याकडून कॅन घेतला.